धामापूरचा उतार

"ताई, हंयसूनच मागे फिरूया," हेरंब म्हणाला आणि त्याने ब्रेक लावले.

सायकल थांबली. मी मागच्या सीटवर, तो पुढच्या. दोघांनीही डावा पाय खाली टेकला. ऊन थेट तोंडावर येत होतं आणि वाऱ्यातला समुद्राचा वास मघाशीच संपला होता. म्हणजे मालवण मागे टाकून, कुंभारमाठाचा चढ चढून आम्ही सड्यावर आलो होतो. आजूबाजूला नुसता कातळ, सावलीला एक झाड नाही. इथून पुढे रस्ता धामापूरच्या तळ्याकडे उतरतो, हे मला दिसत नसलं तरी पाठ होतं. शाळेत असताना या उतारावरून मी हात सोडून सायकल हाणलेली आहे.

"मागे कित्याक?"

"फुडचो रस्तो खराब आसा."

"गेल्या म्हयन्यात डांबर पडला. माका बँकेत सांगल्यानी."

"माज्या पायात गोळो इलो."

"गोळो इलो आसतो तर माका कळलो आसतो. खोटा बोला नको."

जोडसायकलीवर खोटं बोलायची सोय फार कमी. पेडलांच्या दोन जोड्या, पण त्या एकमेकींना साखळीने बांधलेल्या. पुढच्याने पाय थांबवले की मागच्याचे थांबतात, पुढचा दमला की ते मागच्याच्या पोटऱ्यांना कळतं. तीन महिने आम्ही रोज संध्याकाळी, ऊन आहे तोवरच, तारकर्लीच्या सपाट रस्त्यावर ती सायकल चालवत होतो. आज सुट्टी म्हणून सकाळीच इकडे निघालो होतो. हेरंबचे पाय मला माझ्या पायांइतके ओळखीचे झाले होते. त्यात गोळा वगैरे काही नव्हता.

"हेरंब, रविवारी वेंगुर्ल्याच्या वाटेर असले दहा उतार आसत. एक तरी करून बघूक व्हयो. नाय तर मी दळवी सरांका फोन करतंय. कोल्हापूरसून दुसरो कॅप्टन घेवन येवा म्हणान."

हे मात्र त्याला लागलं. तो पेडल मागेपुढे हलवत राहिला.

"दुसरो कित्याक? मी आसंय मा," तो शेवटी म्हणाला. "चल."

हेरंब माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान. मालवणात शाळेची व्हॅन चालवायचा. सकाळी पोरं न्यायची, दुपारी आणायची. पोरं त्याला हेरंबकाका म्हणत आणि त्याच्या व्हॅनमध्ये खिडकीसाठी भांडत. मी बँकेत टेलिफोन ऑपरेटर. माझे डोळे पडद्याच्या आजाराने गेले. आधी रात्रीचं दिसेना, मग बाजूचं, आणि सव्विसाव्या वर्षी उरलंसुरलंही गेलं. त्यानंतर लोकांनी मला देवळात नेलं, भजनाला नेलं, एकाने तर 'आंधळ्याच्या गायी देव राखतो' असं तोंडावर ऐकवलं. माझ्याकडे गाय नव्हती. मला सायकल हवी होती, आणि ती द्यायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही.

मग कोल्हापूरचे दळवी सर आले. त्यांचा सायकलवाल्यांचा गट होता. किनाऱ्याकिनाऱ्याने मालवण ते वेंगुर्ला, पुढे डोळस, मागे अंध, अशा जोड्या घेऊन जायचा त्यांचा बेत होता. एक जोडसायकल ते आमच्याकडे सरावाला ठेवून गेले. "कॅप्टन कोण? पुढे कोण बसणार?" त्यांनी विचारलं, आणि मी काही बोलायच्या आत हेरंब "मी" म्हणाला. त्या रात्री मला आनंदाने झोप लागली नाही. भाऊ असावा तर असा, असं मी बँकेत चार जणींना सांगितलं.

नियम दळवी सरांनीच घालून दिले होते. पुढच्याने बोलत राहायचं. खड्डा, गतिरोधक, डावं वळण, उजवं वळण, सगळं आधी सांगायचं. मागच्याने ऐकायचं. मागच्या चाकाला एक जादा ब्रेक होता, तो माझ्या हातात. पण पुढच्याने 'धर' म्हटल्याशिवाय त्याला हात लावायचा नाही, कारण वळणावर तो चुकीच्या वेळी दाबला तर दोघंही रस्त्यावर. हे सरांनी मला इतक्यांदा सांगितलं की शेवटी मी म्हटलं, सर, मी आंधळी आहे, विसराळू नाही.

हेरंबने यात स्वतःची एक भर घातली होती. तो मध्येच विचारायचा, "मागसून गाडी येता काय गो?" मी कान देऊन सांगायची, "टेंपो येता, लांब आसा." मी सांगितलेलं बरोबर निघालं की तो म्हणायचा, "तुजे कान म्हणजे रडार." मला त्याचा अभिमान वाटायचा. नुसती ओझ्यासारखी मागे बसलेली नाही, मीही काहीतरी करते आहे, असं वाटायचं.

"सूट," हेरंब म्हणाला. म्हणजे पाय थांबवायचे, उतार लागला.

चाकं पळायला लागली. ऊन अजून तोंडावर होतं. काजूच्या मोहराचा वास आला आणि गेला.

"डावा. बारीकसो. धर... सोड."

"बरा जमता रे," मी ओरडले.

"उजवा. खड्डो. गेलो."

वेग वाढत होता. मला हसू फुटत होतं. दहा वर्षांनी कानांत असा वारा भरला होता. मी मान वर करून तोंड उघडं ठेवलं, शाळेत ठेवायची तसं.

आणि एकदम गार झालं. तोंडावरचं ऊन कुणी पुसून घ्यावं तसं गेलं. ओल्या पानांचा वास आला. तळ्याकडची झाडी लागली होती. इथे दोन्ही बाजूंची झाडं रस्त्यावर वाकलेली आहेत, भरदुपारी आत आलं तरी संध्याकाळ वाटते.

हेरंबचा आवाज थांबला.

मी एक वळण जाऊ दिलं. सायकल कलली, सावरली. तो काही बोलला नाही. खालून एक दणका बसला, माझी जीभ दातांत सापडली.

"हेरंब, खड्डो सांगूक नाय तू!"

"गप रव."

त्याचे पाय पेडलांवर ताठ झालेले मला कळत होते. तो पुढचे दोन्ही ब्रेक दाबत होता, सोडत होता, पुन्हा दाबत होता. वेग कमी होत होता, पण उतार सरत नव्हता. माझा हात ब्रेकवर गेला आणि मी तो परत काढला. 'धर' म्हटल्याशिवाय नाही.

"हेरंब? काय झाला? बोल काय तां!"

"ताई," तो म्हणाला. त्याचा असा आवाज मी आजवर ऐकलेला नव्हता. "फुडे काय आयकाक येता?"

मागचं तो नेहमी विचारायचा. पुढचं कधी नाही. पुढचं बघायचं काम त्याचं होतं.

मी ऐकलं. वारा, पानं, आमची चाकं. आणि त्याच्यापलीकडे धडधड. मोठ्या गाडीचं इंजिन, जागच्या जागी चालणारं. जवळ. आणि ते डावीकडे नव्हतं, उजवीकडे नव्हतं.

"ट्रक!" मी किंचाळले. "हेरंब, ट्रक आसा फुडे!"

सायकल कलली नाही. तो सरळ चालला होता. मी त्याच्या तोंडून एका शब्दाची वाट बघत होते आणि तो शब्द येत नव्हता. धडधड आता माझ्या छातीत वाजत होती. डिझेलचा गरम वास नाकात शिरला.

मी ब्रेक दाबला. दोन्ही हातांनी, अंगातली सगळी ताकद लावून.

मागचं चाक लॉक झालं आणि रस्त्यावर आडवं घासत गेलं. मग माझं कोपर डांबरावर आदळलं, खांदा आदळला, आणि मी पाचोळ्यात जाऊन पडले. सायकल कुठेतरी लोखंडावर आपटल्याचा आवाज आला. नंतर फक्त इंजिन.

"डोळे फुटले काय रे तुजे?" एक पुरुष ओरडत आला. "येवढो मोठो ट्रक दिसाक नाय? स्टार्टर बिघाडलोहा म्हणान इंजिन चालू ठेवन उभो केलंय, मागे फांदी टाकलंय, ती पण दिसाक नाय?" मग त्याची पावलं माझ्याजवळ थांबली. त्याला माझा काळा चष्मा दिसला असणार. "अगे बाय... तुमका नाय हां म्हटलंय. लागला काय?"

"माका बरा आसा. माजो भाव खंय आसा?"

"हो काय बसलोहा. रगत येता कपाळाक. जास्त नाय."

हात धरून त्याने मला हेरंबजवळ बसवलं आणि पाणी आणायला ट्रककडे गेला. हेरंब जोरजोराने श्वास घेत होता. ट्रकवाल्याने त्याला चार शब्द सुनावले होते आणि त्याने एकही परत केला नव्हता. आणि हा तोच हेरंब, जो एसटीच्या ड्रायव्हरशी हॉर्नवरून भांडतो.

मी खिशातला रुमाल काढला आणि त्याच्या दिशेने धरला. कमरेच्या उंचीवर, जरा बाजूला. बोलले काही नाही, जिभेला लागलं होतं म्हणून. तो घेईल, म्हणून धरून राहिले.

"ताई," तो म्हणाला, "तुज्याकडे रुमाल आसा काय गो?"

माझा हात तसाच राहिला. मी वीस वर्षांची असताना समोर धरलेला चहाचा कप मला दिसायचा नाही, आणि मावश्या म्हणायच्या, हिचं लक्ष कुठे असतं? लोकांनी पुढे केलेले हात तसेच राहायचे आणि मी गर्विष्ठ ठरायचे. उन्हातून सावलीत शिरलं की काही क्षण सगळं नाहीसं व्हायचं, आणि मी चपलेचा बंद बघायचं सोंग करून तिथेच थांबायची. ही सोंगं मला डॉक्टरांपेक्षा जास्त माहीत आहेत. ती मीच शोधून काढली होती. डॉक्टर तेव्हा म्हणाले होते, धाकट्याचेही डोळे दर वर्षी तपासा. आई म्हणाली होती, एकीचं झालं तेवढं पुरे, दुसऱ्याचं नाव घेऊ नका.

"हेरंब, माज्या हातात काय आसा?"

"तुज्या हातात?" तो हलला. पाचोळा वाजला. बऱ्याच वेळाने त्याची बोटं माझ्या मनगटाला लागली, मग रुमालाला.

"कधीपासून?"

"काय कधीपासून?"

"माका आंधळीक फशिव नको."

तो रडायला लागला. मोठा पुरुष, मुलीचा बाप, पाचोळ्यात बसून तोंडात रुमाल कोंबून रडत होता. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"दोन वर्सां," तो म्हणाला. "सावलीत आणि सांजेक. उनात बरा दिसता गो. खरां सांगतंय, उनात सगळा दिसता."

"बाजूचा?"

"बाजूचा नाय. नळीतसून बघल्यासारख्या दिसता."

"डॉक्टराकडे?"

"जावन काय करू? तुज्या वेळेक सगळे डॉक्टर झाले मा."

ट्रकवाला पाण्याची बाटली घेऊन आला, आम्हाला बघून बाटली ठेवून निमूट परत गेला. भला माणूस होता.

मग माझ्या डोक्यात जे यायचं होतं ते आलं, आणि माझा हात त्याच्या पाठीवरून खाली आला. ऑक्टोबरमध्ये व्हॅन शाळेच्या फाटकाच्या खांबाला घासली होती. कुणीतरी पालक म्हणाला होता, हेरंबच्या डोळ्यांचं काही आहे का, यांच्या घरात आहे तो आजार. आणि त्याच आठवड्यात दळवी सर आले होते.

"तू कॅप्टन कित्याक झालंस?"

त्याने बाटलीचं झाकण उघडलं आणि पुन्हा लावलं.

"हेरंब, मी इचारतंय. माका सायकलीर कित्याक बसवलंस?"

"आंधळ्या भयनीक घेवन सायकल हाणता," तो म्हणाला, "तेच्या डोळ्यांचो संशय कोण घेतलो?"

मला इतका राग आला की कोपराचं दुखणं गेलं. तीन महिने मी मिरवले होते. तारकर्लीच्या रस्त्यावर लोक हाक मारायचे, शाबास रे हेरंब, आणि मला वाटायचं ही शाबासकी आम्हा दोघांची आहे. मी त्याचा दाखला होते. त्याने मला मागे लावून गावभर फिरवलं होतं. मी त्याला जे काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. त्याने ते सगळं ऐकून घेतलं.

"व्हॅनची चावी दी माका," मी शेवटी म्हटलं.

"आणि खातलंव काय?"

"तां मागसून बघू. चावी दी."

"मार्चपर्यंत थांब. पोरांच्या परीक्षा होवंदेत. मगे मी आपसूक सोडतंय. रस्तो माका पाठ आसा गो, डोळे मिटून जातलंय."

मीही अशीच घासाघीस केली होती. दिवाळीपर्यंत, पावसाळ्यापर्यंत, मग सांगू. एवढीशी सवलत मागणाऱ्या माणसाला नाही कसं म्हणायचं? त्याच्या घरात बायको होती, चार वर्षांची मुलगी होती. क्षणभर मी खरंच विरघळले.

"शाळेच्या वाटेर वडाची झाडी आसा," मी म्हटलं. "थंय काय करतंस?"

"सावकाश जातंय."

"आणि?"

"हॉर्न मारतंय."

"आणि? समोरसून कोण येता तां तुका कसा कळता?"

त्याने बाटली खाली ठेवली.

"फुडच्या सीटीर परबाचा चेडू बसता," तो म्हणाला. "रेवा. दुसरीत आसा. तेका इचारतंय, कोण येता काय गो? खेळ म्हणान. हुशार आसा, बरोबर सांगता."

मला माझे तीन महिने आठवले. मागसून गाडी येता काय गो? तुजे कान म्हणजे रडार. आणि मी किती खुशीत उत्तरं द्यायची ते आठवलं. आता त्या जागी सात वर्षांची पोर होती आणि तिच्यामागे व्हॅनभर पोरं.

"आज," मी म्हटलं. "उद्या नाय. आज सांजेक घराघरान जावन सांगूया. तू सांगलंस तर तू, नाय तर मी."

ट्रकवाल्याने ट्रक वळवला, सायकल आत भरलेल्या जांभ्या चिऱ्यांवर बांधली आणि आम्हाला केबिनमध्ये घेतलं. मालवण येईपर्यंत तो पावसापाण्याचं, खाणीचं बोलत राहिला. कपाळाचं काही विचारलं नाही. हेरंब माझ्या आणि दाराच्या मध्ये बसला होता. दळवी सरांना मी घरी पोचल्यावर फोन केला. रविवारी जमणार नाही, एवढंच सांगितलं. त्यांनी दुसरा कॅप्टन देऊ केला. मी नको म्हटलं आणि फोन ठेवून पहिल्यांदा रडले.

संध्याकाळी आम्ही आधी परबांकडे गेलो. त्यांचं दुकान पुढे, घर मागे. परबांनी खुर्च्या दिल्या, चहा सांगितला.

"परबानू," हेरंब म्हणाला, "उद्यापासून पोरांची दुसरी सोय बघा. माका... माका सावलीत दिसना नाय. डोळे गेलेहत माजे."

परब मोठ्याने हसले. "काय थट्टा करतंस काय? सगळ्या मालवणान बघल्यान, भयनीक मागे बसवन तू सायकल हाणतंस. तुका दिसना नाय तर कोणाक दिसता?"

"थट्टा नाय," मी म्हटलं. "तो खरा सांगता. आज सकाळी आमी ट्रकाखाली जाय होतंव."

"वृंदाताई, रागवा नको हां," परब हळूच, अगदी आदराने म्हणाले, "पण तुमका तेच्या डोळ्यांतला काय कळतला?"

मला भीती वाटली की आता हेरंबही हसेल, म्हणेल, होय, थट्टाच. खुर्ची करकरली. तो उठायच्या बेतात होता.

"पप्पा, काकांका झाडाखाली दिसना नाय," आतल्या दारातून आवाज आला. बारीक, स्पष्ट आणि खूप अभिमानाने भरलेला. "मी सांगतंय तेंका. ट्रक इलो काय मी 'ट्रक' म्हणतंय, मगे ते बाजूक घेतत. माजा एकदा पण चुकाक नाय."

परबांच्या घरात घड्याळ होतं, ते मला तेव्हा ऐकू आलं. कपबशा घेऊन येणाऱ्या बाईची पावलं मध्येच थांबली.

"रेवा, आत जा," परब म्हणाले.

आम्ही चहा न घेता उठलो. अजून बरीच घरं बाकी होती. बाहेर आल्यावर हेरंब पायरीवरच थांबला.

"ताई, काळोख झालो," तो म्हणाला.

मला त्यात काही फरक नव्हता. मी काठी उघडली, माझं कोपर त्याच्याकडे केलं, आणि त्याचा हात त्यावर येईपर्यंत थांबले. मग पुढच्या घराकडे निघालो.